एकाने मोडावे, दुसऱ्याने उचलावे

सुट्टी लागली की घराघरांतून बुद्धिबळाचा पट बाहेर निघतो. पहिले चार दिवस मुले जेवायलासुद्धा उठत नाहीत. पाचव्या दिवशी भांडण होते, सहाव्या दिवशी धाकटे म्हणते, 'मला नाही खेळायचे', आणि आठवडा संपायच्या आत पट पुन्हा माळ्यावर जाऊन पडतो. आईबाप म्हणतात, पोरांना चिकाटी नाही. आम्हाला ते पटत नाही. जो डाव मांडण्याआधीच कोण जिंकणार हे ठाऊक असते, तो खेळायला चिकाटी कुठून आणायची? थोरला नववीत, धाकटी सहावीत. थोरल्याने शाळेत शिकून घेतलेले, धाकटीने त्याच्याकडून ऐकून घेतलेले. ती दर वेळी हरते. हरण्याचे दुःख नसते हो, पण आज हरले तशीच उद्याही हरणार याचे दुःख फार मोठे असते.

यावर आमचा उपाय साधा आहे. पट माळ्यावर टाकू नका, नियम बदला. प्रत्येक खेळाडूला एकेक खास शक्ती द्या आणि ती शक्ती कोणती, हे मुलांनाच ठरवू द्या.

हे वाचून काही वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील. 'बुद्धिबळाचे नियम काय पोरांनी बदलायचे असतात? ते पूर्वापार चालत आलेले आहेत.' वाचकहो, 'पूर्वापार' हा शब्द ऐकला की आपल्या समाजाने थोडे सावध व्हावे. पूर्वापार म्हणजे नेमके केव्हापासून, आणि कोणी ठरवले, हे दोन प्रश्न विचारायची सवय आपल्याला फार किंमत मोजून लागलेली आहे. ती खेळातही सोडू नये.

तर पाहा. आज जगभर ज्या नियमांनी बुद्धिबळ खेळतात, ते नियम आपल्या खेड्यापाड्यांत अगदी अलीकडेपर्यंत नव्हते. आपले देशी बुद्धिबळ वेगळे होते. प्यादे पहिल्या चालीतही बहुतेक ठिकाणी एकच घर सरकायचे. राजाला किल्ला बांधण्याची आजची चाल नव्हती. त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येत असे. म्हणजे राजाला खास शक्ती होतीच, आणि ती एकदाच वापरायची होती. आपण मुलांना आज जे करायला सांगतो आहोत ते आपल्या आजोबांच्या पटावर रोज घडत होते. गावोगावी त्यात बारीकसारीक फरक असत. परगावचा पाहुणा खेळायला बसला की आधी 'तुमच्याकडे कसे?' हे विचारून घ्यावे लागे. आम्हाला तो प्रश्नच खेळातला फार चांगला भाग वाटतो.

त्या जुन्या नियमांत एक नियम मात्र आम्हाला नेहमी टोचत आला आहे. प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याचे काय व्हायचे? आजच्या नियमाने ते वजीर, हत्ती, उंट, घोडा यांतले हवे ते होऊ शकते. देशी नियमात तसे नव्हते. ते ज्या रांगेत पोचले त्या रांगेच्या मोहऱ्याचेच रूप त्याला मिळे. हत्तीच्या रांगेत पोचले तर हत्ती, घोड्याच्या रांगेत पोचले तर घोडा. वजीर व्हायचे असेल तर वजिराच्या नाहीतर राजाच्या रांगेत पोचायला हवे. आता रांग बदलायची तर प्याद्याला दुसरा मार्ग नाही. समोरचे काहीतरी मारावे तेव्हाच ते शेजारच्या रांगेत जाते. सहा घरांची पायपीट सगळ्या प्याद्यांची सारखीच, धोकाही सारखाच, पण शेवटी मिळणार काय ते उभे राहण्याच्या जागेवरून ठरणार! हा नियम कोणी मुद्दाम आपल्या समाजरचनेवरून घेतला असे आम्ही म्हणत नाही. पण असा नियम लोकांना पिढ्यान् पिढ्या खटकला नाही, एवढे मात्र खरे.

नियम युरोपातही बदललेलेच आहेत. आजचा वजीर पटावर दाही दिशा मोकळा फिरतो. पण जुन्या खेळात तो तिरपे एक घर सरकणारे दुबळे मोहरे होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, १४७५ च्या सुमारास, स्पेनमध्ये त्याला आजची ताकद मिळाली. आणि गंमत अशी की, आपल्याकडे तो वजीरच राहिला, तिकडे त्याची राणी झाली होती. म्हणजे पटावरचे सर्वांत बलवान मोहरे तिकडे बाई आहे. पण पटावर बाईला जागा मिळाली म्हणून पटापाशी मिळाली असे नाही. आपल्या मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना अडवता येणार नाही. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे स्त्रियांचा विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हम्पीसारख्या खेळाडूला हरवून, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. एक नियम बदलायला तेरा वर्षांच्या मुलीला हट्ट धरावा लागला, हे आपल्या मुलींना सांगायला विसरू नका.

आता एक आक्षेप आपल्या वस्तीतल्या ज्येष्ठांकडून नक्की येईल, तो आधीच घेऊ. 'भगवान बुद्धांनी खेळ निषिद्ध मानले आहेत.' हे अर्धे खरे आहे. दीघनिकायातले पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, त्यात बुद्ध ज्या खेळांपासून दूर राहत त्यांची एक लांबलचक यादी आहे. यादीच्या सुरुवातीलाच आठ-आठ घरांचा पट आणि दहा-दहा घरांचा पट येतो. त्यापुढचा खेळ तर आम्हाला फार आवडतो: पट समोर न ठेवता, तो आकाशात आहे असे कल्पून खेळायचा! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही घरात पट नसला तरी खेळायची युक्ती माहीत होती, असे यावरून दिसते. मात्र आठ घरांचा तो पट फाशांच्या खेळाचा. बुद्धिबळ त्यानंतर पुष्कळ शतकांनी आले. शिवाय ती यादी घर सोडून गेलेल्या श्रमणांच्या आचाराबद्दल आहे. तुमच्याआमच्यासारख्या संसारी माणसासाठी सिगालोवाद सुत्त आहे, आणि तिथे बोट ठेवले आहे ते जुगारावर. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर, हरणाऱ्याच्या वाट्याला हळहळ, पैशाची नासाडी, सभेत शब्दाला किंमत नाही, आणि अशा माणसाला कोणी मुलगी देत नाही! तेव्हा आमची एकच अट: पैसा लावायचा नाही. गोळ्या-बिस्किटेही लावायची नाहीत. बाकी खुशाल खेळा.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ.

नगरमधल्या एका वस्तीत (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे) आमच्या ओळखीच्या एका घरात हा प्रयोग झाला. वडील एमआयडीसीत पाळीने कामाला, आई चार घरची कामे करते, घरात आजी. पट वहीच्या पुठ्ठ्याचा, त्यावर काळी घरे स्केचपेनने रंगवलेली. मोहरी सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांची. बुचावर कागद चिकटवून 'रा', 'व', 'ह' अशी अक्षरे लिहिलेली. यासाठी एक रुपया खर्च झाला नाही. भाऊ नववीत, बहीण सहावीत, हे वर आलेच आहे.

भावाने आपल्यासाठी आणि बहिणीसाठी शक्ती ठरवल्या. स्वतःला घेतली ती अशी: माझी प्यादी मागेही एक घर सरकू शकतील. बहिणीला दिली ती अशी: तुला एकदा लागोपाठ दोन चाली करता येतील. ही शक्ती देताना तो मनातून हसत असणार. डावात एकदाच काय ती मिळणारी चाल, तिने काय होते? डाव सुरू झाला. सहाव्या-सातव्या चालीला बहिणीने उंट तिरपा पुढे काढून शह दिला आणि म्हणाली, 'आता दुसरी चाल.' आणि त्याच उंटाने सरळ राजा उचलून मांडीवर ठेवला.

'ए, असं नसतं!'

'कुठं लिहिलंय, दादा?'

कुठे लिहिले होते? कुठेच नव्हते. भावाने आवाज चढवला, बहिणीने राजा सोडला नाही. भांडण आजीपर्यंत गेले. आजीला हत्ती कोणता आणि उंट कोणता हेही माहीत नाही. पण भाकरी वाटायची रीत माहीत होती. ती म्हणाली, 'एकानं मोडायची, दुसऱ्यानं आधी उचलायची. मग मोडणारा आपोआप सारखी मोडतो.'

वाचकहो, शक्तीच्या बुद्धिबळाचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे. एकाने दोन शक्ती लिहायच्या, पण त्यांतली आपल्याला कोणती ते ठरवायचे नाही. ते दुसऱ्याने ठरवायचे. लिहिणाऱ्याला आपल्या वाट्याला काय येणार ते माहीत नसले की लबाडी करायला जागाच उरत नाही. ज्यांनी समाजाचे जुने नियम लिहिले त्यांना आपण पटाच्या कोणत्या बाजूला बसणार हे आधीच माहीत होते. घोटाळा तिथेच झाला.

त्या घरात मग वही आली. वहीत पहिले पान नियमांचे. त्या मुलांनी लिहिलेले नियम आम्ही पाहिले, थोडे नीटनेटके केले आणि इथे देतो आहोत. शक्ती दोघांच्याही समोर, मोठ्याने वाचून दाखवायची. लपवून ठेवलेली शक्ती चालणार नाही. एका डावात एकाला एकच शक्ती. शक्ती वापरली की ती त्या पाळीची चाल झाली. शक्ती वापरून केलेल्या चालीने शह देता येणार नाही. हा शेवटचा नियम लहान दिसतो, पण निम्मी भांडणे तोच मिटवतो. कारण शक्तीच्या एका फटक्यात डाव संपत असेल तर बुद्धिबळ उरत नाही, नुसता लकी ड्रॉ होतो.

शक्ती कोणकोणत्या? मागे सरकणारी प्यादी ही झालीच. मात्र पहिल्या ओळीत त्यांनी जायचे नाही आणि मागे सरकताना मारायचे नाही. ही डावभर चालणारी शक्ती आहे. सौम्य आहे, म्हणून डावभर ठीक. राजाची अडीच घरांची जुनी उडी ही दुसरी. शह बसलेला असताना चालणार नाही, आणि एकदाच. तिसरी, मेलेले एक प्यादे आपल्या दुसऱ्या ओळीतल्या रिकाम्या घरात परत आणणे. (जपानी बुद्धिबळात, शोगीत, तर शत्रूचे मारलेले मोहरे आपले म्हणून पटावर उतरवता येते. तिथे मेलेला शिपाई दुसऱ्या दिवशी समोरच्या फौजेत!) चौथी, आपल्याच दोन मोहऱ्यांची जागा एकदा बदलणे, राजा सोडून, आणि प्यादे पहिल्या किंवा शेवटच्या ओळीत जाणार नाही अशी. लागोपाठ दोन चालींची शक्ती मुलांनी काढून टाकली नाही, तिला वेसण घातली: दोन वेगवेगळी मोहरी हलवायची आणि दोन्ही चालींत मारामारी नाही. शह तर नाहीच.

आणि एक शक्ती धाकटीने सुचवली, तिला आम्ही मनापासून दाद दिली. नकाराची शक्ती. समोरच्याने चाल केली की डावात एकदा म्हणायचे, 'ही नको, दुसरी कर.' त्याने ती चाल मागे घेऊन वेगळी चाल करायची. शह देणारी चाल नाकारता येत नाही, नाहीतर मात होणारच नाही. आणि समोरच्याला ती एकच चाल शक्य असेल तर तीही नाकारता येत नाही. घरातले सगळ्यात लहान माणूस, ज्याला दिवसभर 'हे आण, ते ठेव, गप बस' ऐकावे लागते, त्याने नकाराची शक्ती मागावी यात आम्हाला नवल वाटले नाही.

शक्ती सारख्या वजनाच्या आहेत की नाहीत हे कसे ओळखायचे? इथे वही उपयोगी पडते. मोहऱ्यांची किंमत अंदाजाने अशी धरतात: प्यादे एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. प्यादे परत आणण्याची शक्ती म्हणजे साधारण एका प्याद्याची किंमत, हे मुलाला चटकन कळते. नकाराची किंमत? ती कोणालाच आधी सांगता येत नाही. ऐन वेळी वजीर वाचवला तर नऊ, उगाच घाईत वापरली तर शून्य. म्हणून खेळून पाहायचे. त्याच दोन शक्ती घेऊन दोन डाव, दुसऱ्या डावात शक्तींची अदलाबदल. असे आठ-दहा डाव झाले की वहीत दिसते कोणती शक्ती फार जिंकते आहे. तिला थोडी कमी करायची. मात्र डाव चालू असताना नियम बदलायचा नाही. दोघांची संमती असेल तरच, आणि पुढच्या डावापासून. नियम बदलण्याचाही नियम लागतो. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या घटनेत त्यासाठी ३६८ वे कलम आहे, हे मुलाला सांगायची याहून चांगली वेळ कोणती?

हे सगळे पोरखेळ वाटत असेल तर थोडे बाहेर पाहा. फ्रान्समध्ये १९९१ मध्ये बुद्धिबळाला पत्त्यांचा जोड देणारा एक खेळ निघाला. पत्ता टाकला की नियम मोडायची मुभा. १९९६ मध्ये तो अमेरिकेत इंग्रजीत आला. त्याआधी १९७७ मध्ये अमेरिकेतच एक पटावरचा खेळ आला होता, त्यात प्रत्येक खेळाडूला खेळाचा एकेक नियम मोडणारी स्वतंत्र शक्ती होती. लॉर्ड डनसनी नावाच्या आयरिश लेखकाने १९४२ मध्ये असा डाव मांडला की एका बाजूला नेहमीची फौज आणि दुसऱ्या बाजूला नुसती बत्तीस प्यादी, राजाच नाही! आमच्या वाचकांना हा डाव आवडेल, एवढेच म्हणतो. आणि जयपूरच्या हृदयेश्वर सिंह भाटी या मुलाने, ज्याला स्नायूंच्या आजाराने चाकाच्या खुर्चीत बसवले होते, वयाच्या नवव्या वर्षी सहा जणांनी खेळायचे गोल बुद्धिबळ शोधले आणि त्याचे पेटंट मिळवले. २०२० मध्ये त्याला राष्ट्रीय बाल पुरस्कारही मिळाला. त्याला मित्रांसह एकाच वेळी खेळायचे होते आणि पटावर जागा दोघांनाच होती. गरज अशी साधीच असते.

सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र बॉबी फिशरचा. १९९६ मध्ये, ब्युनोस आयर्स येथे, या माजी जगज्जेत्याने जाहीर केले की मागच्या ओळीतली मोहरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, हवी तशी मांडून खेळावे. अशा ९६० मांडण्या होतात. का? तर डावाच्या सुरुवातीच्या वीस-वीस चाली पाठ करून येणारे लोक खेळत नाहीत, आठवतात, असे त्याचे म्हणणे. २०१९ पासून याचीही अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. यातली गोम आपल्या लोकांनी ओळखावी. पाठ करायला पुस्तके लागतात, शिकवणी लागते, संगणक लागतो. ज्याच्या घरी यांतले काही नाही त्याच्यासमोर पहिल्याच चालीला अनोळखी मांडणी आली, तर समोरच्यालाही ती अनोळखीच असते. तिथे दोघे सारखे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला तिच्याकडे वळतो. त्या घरातला थोरला मुलगा आम्हाला म्हणाला, 'तिला चांगली शक्ती दिली आणि ती जिंकली, तर ते जिंकणं खरं कसं? ती तर सवलत झाली.' हा शब्द त्याने घरी शिकला नव्हता. शाळेत त्यालाच कोणीतरी ऐकवलेला होता. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव लागले त्या दिवशी बाकावरच्या मुलाने म्हटले होते, 'तुमचं काय बाबा, तुम्हाला सवलत.' ऐकलेले शब्द मुले साठवून ठेवतात, आणि मग आपल्याहून लहान असेल त्याच्यावर उगारतात.

आम्ही त्याला पॉल मॉर्फीची गोष्ट सांगितली. अमेरिकेचा हा खेळाडू १८५८-५९ मध्ये युरोपातले मोठमोठे खेळाडू हरवून परतला आणि त्याने सांगितले की यापुढे समोरच्याला एक प्यादे आणि पहिली चाल दिल्याखेरीज आपण सामना खेळणार नाही. त्या काळी बलवान खेळाडूने प्यादे, घोडा, कधी हत्तीसुद्धा सोडून खेळणे ही रोजची रीत होती. जपानच्या शोगीत आजही वरच्या पायरीचा खेळाडू आपली मोहरी काढून ठेवून खालच्याशी खेळतो. 'गो' या खेळात दुबळ्याला आधीच पटावर नऊपर्यंत खडे मांडू देतात. तिथे कोणी म्हणत नाही की खडे घेऊन जिंकलेला डाव खोटा. उलट न देता खेळणाऱ्याला म्हणतात, याला खेळायचे नाही, नुसते जिंकायचे आहे.

ही उपमा आम्ही फार ताणणार नाही. पटावर मोहरे सोडतात ते समोरच्याचा खेळ कच्चा आहे म्हणून. आपल्या समाजाला जे संरक्षण मिळाले ते कच्चेपणामुळे नव्हे. आपल्याला पटाजवळ येऊच दिले नव्हते, म्हणून ते मिळाले. हा फरक मुलाला स्पष्ट सांगावा. पण एवढे तरी पटावर शिकता येते की सुरुवात सारखी नसताना नियम सारखे ठेवले म्हणजे न्याय झाला, असे नसते. मीर सुलतान खान हे पंजाबातले, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले खेळाडू. देशी नियमांवर वाढले, आंतरराष्ट्रीय नियम विशीनंतर शिकले, आणि १९२९, १९३२, १९३३ असे तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन गेले. हेस्टिंग्जला माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. पण ते ज्यांच्या पदरी होते ते मायदेशी परतले, तसे यांनाही परतावे लागले, आणि मोठ्या स्पर्धांचा पट त्यांच्यापुरता मिटला. जागतिक संघटनेने त्यांना ग्रँडमास्टर हा मानाचा किताब दिला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. बुद्धी कमी होती का? पट कोणाच्या घरी आहे, हा प्रश्न होता.

आपल्या जिल्ह्यातलाच शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला, ही अभिमानाची गोष्ट. पण तिथवर पोचायला प्रवास, स्पर्धांची फी, प्रशिक्षक, परदेशातले सामने असा खर्च येतो, आणि तो पाळीच्या पगारात बसत नाही हे उघड आहे. प्रत्येक मुलाने ग्रँडमास्टर व्हावे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि त्यातून पिढ्या घडल्या. तसे एखादे मंडळ आपल्या विहाराच्या ओट्यावर, रविवारी वंदनेनंतर दोन तास चालायला पैसा लागत नाही. दोन पट, बुचांची मोहरी आणि एक वही. दिवाळीनंतर पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्यांच्या मुलांना तर कोपीसमोरच्या मातीत काडीने रेघा मारूनही पट होतो. खडे आणि चिंचोके मोहरी म्हणून पुरतात. वही मात्र पिशवीत टाकून द्या.

त्या वस्तीतल्या डावांचा हिशेब आम्ही मागच्या आठवड्यात पाहिला. चौदा डाव, भाऊ आठ, बहीण पाच, एक बरोबरीत. एकही डाव अर्ध्यावर सोडलेला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर धाकटीच्या अक्षरात एक प्रश्न आहे, त्यापुढे उत्तराची जागा रिकामी ठेवली आहे. दोघांनाही नकाराची शक्ती मिळाली, तर एकाच्या नकाराला दुसऱ्याला नकार देता येतो का? भावाचे म्हणणे 'येतो'. बहिणीचे म्हणणे 'येत नाही, नाहीतर नकाराला अर्थच काय?' आजीने यात पडायचे नाकारले आहे. आम्ही बहिणीच्या बाजूने आहोत. वाचकांच्या घरी काय ठरते ते लिहून कळवावे.